एकोणतीस नंबरची पेटी

सोमाजी रामटेके हे नाव कुठल्या कागदावर मोठ्या अक्षरांत आलेलं नाही, आणि येण्यासारखं त्यानं काही केलंही नाही. आरमोरीच्या बाजाराला ज्या खेड्यांतून माणसं येतात, त्यांतल्या एका खेड्याचा हा माणूस तेहतीस वर्षं दगड मांडत होता. थट्टा नाही, दगड मांडणं हेच त्याचं काम. जमिनीत खनिज आहे का ते बघायला कंपन्या खोल बोअर मारतात. पाण्यासाठी मारलेली बोअर दगडाचा चुरा करून बाहेर फेकते. या बोअरचं तोंड मात्र पोकळ असतं, म्हणून आतला दगड मनगटाएवढ्या जाड कांड्यांनी अख्खा वर येतो. त्याला कोर म्हणतात. कोर ज्या क्रमानं वर आली त्या क्रमानं पेटीत मांडायची, मध्ये मध्ये खोलीचा आकडा लिहिलेले लाकडी गुटके ठेवायचे, वर कुठलं आणि खाली कुठलं ते सांगणारा बाण प्रत्येक कांडीवर काढायचा आणि पेटी शेडमध्ये नेऊन ठेवायची. एवढंच.

लग्नाच्या मांडवात कुणीतरी सोमाजीच्या सासऱ्याला विचारलं होतं, "जवाई काय करते?" सासरा म्हणाला, "गोटे मांडते." मांडवभर हशा पिकला. नवरदेवही हसला, पण तो हशा त्याच्या मनात जो रुतून बसला तो बसलाच.

कारण त्या कामातली खरी गोम त्याला कळली होती. दीडशे मीटर खाली कुणी डोळ्यांनी बघायला जात नाही. साहेब असो की मॅडम, नागपूरचे असोत की दिल्लीचे, जो तो बघतो ते पेटीत. पेटीत जे वर ते जमिनीत वर, पेटीत जे खाली ते जमिनीत खाली. म्हणजे धरतीच्या पोटात काय आहे, ते शेवटी सोमाजीच्या हातावर ठरायचं. हे ज्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरलं त्या दिवसापासून त्याची चाल बदलली. दुसऱ्या कॅम्पवरच्या कुणी मांडलेली पेटी दिसली की तो थांबायचा, एखादी कांडी उचलून तिचा बाण बघायचा आणि काही न बोलता परत ठेवायचा. त्या न बोलण्यानं समोरचा माणूस दिवसभर अस्वस्थ व्हायचा. सोमाजीला ते आवडायचं. माणूस वाईट नव्हता, पण गर्व होता, आणि तो लपत नव्हता.

भरलेली पेटी तीस-बत्तीस किलोची. ती दोघांनी उचलायची, असा कंपनीचा नियम. तसा बोर्डच प्रत्येक शेडमध्ये लावलेला. सोमाजीनं तो बोर्ड स्वतः कित्येकदा टांगला आणि नियम एकदाही पाळला नाही. "दोघाचे पाय दोन बाजूनं जाते, अन् कांड्या हालते," असं त्याचं म्हणणं. अठ्ठावन्नाव्या वर्षीही तो पेटी एकटा उचलायचा, पोटाशी धरून, हळू चालत. एकतीस वर्षांत एक पेटी पडली नव्हती. ही गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा.

पडली ती एकोणतीस नंबरची.

तेव्हा कॅम्प कुरखेड्याच्या पुढं, जंगलातल्या एका टेकडीच्या पायथ्याशी होता. मशीन चालवायला गुणवंतराव, हाताखाली टोल्यावरची, म्हणजे जवळच्या पाड्यावरची, पाच-सहा माणसं, त्यांत चाळिशीचा कोलू सगळ्यांत भरवशाचा, आणि कामावर देखरेखीला हर्षा गेडाम. हर्षा मॅडम त्याच तालुक्यातली. आश्रमशाळेत शिकली, नागपूरला जाऊन भूशास्त्र शिकून आली, आणि आता आपल्याच जंगलात हातोडा घेऊन फिरत होती. टोल्यावरच्या बायका तिला गोंडीत हाका मारायच्या आणि ती गोंडीतच उत्तर द्यायची. कंपनीत मात्र ती सगळ्यांत नवी, सगळ्यांत धाकटी, आणि तिच्या बोलण्याला मोठे साहेब मान हलवायचे ती 'पुढं बोला' अशी नाही, 'पुरे' अशी.

ती सोमाजीपाशी बसायची. जेवणाच्या सुट्टीत कोर हातात घेऊन त्याला सांगायची, आणि सोमाजीला कुणी असं बरोबरीनं सांगितलेलं पहिल्यांदाच.

"भाऊ, कोट्यवधी वर्सांआधी इथी जमिनीले भेग पडली. त्या भेगेतून उकळतं पाणी वर चढून राह्यलं होतं. साधं नाई, धातू विरघळलेलं. वर येता येता ते थंड झालं, अन् पोटातलं सारं भेगेच्या भिताडाले चिकटवत गेलं."

सोमाजीनं विचार करून म्हटलं, "म्हंजे आमच्या घरी पाणी तापवाच्या गंजाले पांढरा थर बसते तसा?"

"बिल्कूल तसाच! पण पाणी निरनिराळं गरम असते. लय गरम असलं तं हा पिवळा दगड सोडते, तांब्याचा. थंड झालं की हा जड पांढरा सोडते, बेराइट."

मग सोमाजीनंही आपली गोष्ट काढली. तरुणपणी तो सिरोंच्याच्या पलीकडे, गोदावरीपार एका बोअरवर होता. तिथं पाईपातून इतकं गरम पाणी आलं की पोरांनी त्यात अंडी उकडून खाल्ली. हर्षा खळखळून हसली. म्हणाली, "ती चूल अजून पेटून आहे, भाऊ. आपली ही टेकडी म्हंजे विझलेली चूल. पण राख तं विझलेल्या चुलीतच सापडते न? मले ती राख पाहिजे."

राख तिला कुठं आहे असं वाटत होतं, तेही तिनं सांगितलं. टेकडीवर आधी चार बोअर झाल्या होत्या. चारही ठिकाणी आधी पिवळ्याचा एक बारीक पट्टा, त्याखाली पांढरा, आणि मग नुसता गुलाबी दगड. मोठे साहेब म्हणाले, संपलं, खाली काही नाही. हर्षा म्हणत होती, "त्या चारही कडेले लागल्या. तो वरचा पिवळा मागून आलेल्या पाण्याचा आहे, त्याले धरू नका. मधात मारा. तिथी पांढरा वर येईन, पिवळा खाली. अन् पिवळा खाली आला म्हंजे चुलीचं तोंड अजून खोल आहे." तिनं चार महिने पत्रं लिहिली. शेवटी साहेबांनी एक बोअर दिली. एकशे पंचेचाळीस मीटर. तळाला पिवळा दिसला तर पुढं मारू, नाही तर मशीन दुसरीकडे जाईल. तिचं सगळं त्या एका भोकावर आलं होतं.

आता खरं तर कोर मशीनपाशीच धुवायची आणि तिथंच बाण काढायचे. पण वर येताना कांड्यांवर राखाडी चिखलाचा लेप असतो, ओल्या दगडावर मार्कर धरत नाही आणि उन्हात डोळे दिपतात. म्हणून सोमाजी कांड्या तशाच पेटीत मांडून शेडमध्ये न्यायचा आणि सावलीत, पाण्याच्या ड्रमपाशी बसून निवांत धुवायचा. हर्षानं दोनदा टोकलं होतं. "मॅडम, मी क्रम इसरन काय?" असं म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं.

मार्च संपत आला होता. मोहाखालचा पाचोळा जाळून टोल्यावरच्या बायका फुलं वेचत होत्या आणि सगळ्या जंगलाला तो गोड, डोकं धरवणारा वास होता. दुपारी शेवटचे पाच मीटर वर आले. सोमाजीनं ते चिखलासकट पेटीत मांडले. कोलू पुढं झाला. "भाऊ, धरू का?"

"राहू दे."

कोलू पाणी प्यायला गेला. शेड शंभर पावलांवर. साठाव्या-सत्तराव्या पावलाला सोमाजीचा पाय मुरमावरून सटकला. तो गुडघ्यावर आला आणि पेटी हातातून कडेवर पडली. पाचही खणांतल्या कांड्या उतारावरून गडगडल्या. गुटके कुठल्या कुठे. क्षणभर नुसता मुरमाचा खडखडाट, आणि मग काहीच नाही. त्यानं आधी गुडघ्याकडे बघितलं नाही. आधी मागं बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून.

कुणी पाहिलं नव्हतं. तिथंच तो मेला.

अहो, पेट्या पडतात. सगळ्यांच्या पडतात. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे: 'पेटी पडली, क्रम अनिश्चित.' चार शब्दांचं काम. ते लिहिलं असतं तर फार तर गुणवंतरावांनी आठ दिवस टोमणे मारले असते. पण एकतीस वर्षं जो माणूस एकच गोष्ट सांगत आला, त्याला ते चार शब्द लिहायला हात उचलेना. त्यानं कांड्या गोळा केल्या, शेडमध्ये नेल्या, धुतल्या आणि मांडायला बसला.

तुटलेल्या दगडाची टोकं एकमेकांत बसतात, त्यावरून बरंच जुळलं. पण जिथं गारगोटी आणि पांढरा-पिवळा दगड होता तिथं टोकं झिजून गोल झाली होती, काही भुगा झाला होता. शेवटी चार जुड्या उरल्या: दोन गुलाबी, एक पांढरी, एक पिवळी. वर कुठली, खाली कुठली? इथं दुसरा कुणी असता तर अडला असता. सोमाजी अडला नाही. आधीच्या चार बोअरींच्या पेट्या त्याच्याच हातच्या. हात आपसूक चालला: वर पिवळी, मग पांढरी, खाली गुलाबी. मॅडमनं सांगितलेलं त्याच्या कानात होतं, पण हातात नव्हतं. त्याच्या हाताला एकच धरती माहीत होती, आणि त्यानं ही धरतीही तशीच करून टाकली.

मांडून झाल्यावर वीतभर लांबीची एक गुलाबी कांडी उरली. पेटीत जागा नव्हती. पडताना भुगा झालेल्या जागा मांडताना पसरल्या होत्या, आणि पाच मीटरच्या भोकातून सव्वापाच मीटर दगड निघाला म्हटलं की पहिला प्रश्न हाच, पेटी पडली का. तेवढ्यात जीपचा आवाज आला. सोमाजीनं कांडी पँटच्या खिशात टाकली, भराभरा बाण काढले, गुटके लावले आणि उठून उभा राहिला. "झाली, भाऊ?" हर्षानं विचारलं. "झाली," तो म्हणाला. ती अंधार पडायच्या आत कुरखेड्याला निघाली होती, साहेबांना फोन करायला. पेटी आपण उद्या सगळ्यांसोबत उजेडात बघू, म्हणाली.

रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे उजाडता उजाडता तो शेडमध्ये गेला. अठ्ठावीस नंबरची पेटी उघडली आणि तिच्यातल्या शेवटच्या कांडीला खिशातली कांडी लावून बघितली. टक् आवाज करून ती बसली. मध्ये नख शिरेना, आणि अठ्ठाविसाव्या पेटीतून आलेला पांढरा बारीक धागा या कांडीत सरळ पुढं गेला. तोच धागा एकोणतिसाव्या पेटीतल्या दोन्ही गुलाबी जुड्यांत होता, जाड होत पांढऱ्या दगडाकडे जाणारा. म्हणजे एकोणतिसावी पेटी गुलाबीनं सुरू होत होती. म्हणजे वर गुलाबी, त्याखाली पांढरा, आणि पिवळा सगळ्यांत खाली, अगदी तळाला. मॅडम म्हणाली होती तसंच. अक्षर न् अक्षर.

तो तसाच कांडी घेऊन तिच्या तंबूकडे निघाला. हे त्याच्या बाजूनं एवढं तरी सांगायला हवं, की तो निघाला होता. पण मोठ्या साहेबांची गाडी लवकर आली. चहा झाला. सगळे शेडकडे वळले. सोमाजीनं कांडी पुन्हा खिशात घातली.

साहेब पेटीपाशी बसले आणि त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. "पिवळा वर, पांढरा खाली, मग काही नाही. तेच आहे, मॅडम."

हर्षा गुडघ्यांवर बसून एकेक कांडी बघत गेली. एकदा बघितलं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तिचे कान लाल झाले होते. गुणवंतराव दुसरीकडे बघत होते. साहेब काही खलनायक नव्हते, ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "पेटीत काही उलटसुलट तर झालं नाही ना? झालं असेल तर आत्ता बोला. मशीन उभी आहे. पुढं मारता येईल."

दार उघडं होतं. अख्खं उघडं होतं. हर्षानं मान वर करून सोमाजीकडे पाहिलं. पण तिनं विचारलं नाही. ती साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "नाही सर. ही सोमाजीभाऊंची पेटी आहे. माझा अंदाज चुकू शकतो. भाऊंची पेटी चुकत नाही."

आणि सोमाजीनं मान हलवली. कुणी हलवायला सांगितली नव्हती. होकारार्थी, दोनदा.

दुपारी मशीन उतरवायला घेतली.

हर्षा मॅडमला त्यानंतर जंगल मिळालं नाही. चंद्रपूरच्या ऑफिसात तिला टेबलावर बसवलं, जुन्या बोअरींच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायला. शिक्षा म्हणून नाही, असं सगळे म्हणायचे. नवीन भूगर्भतज्ज्ञ आले की त्यांना गंमत म्हणून सांगितलं जायचं, एका मॅडमना चुलीचं तोंड सापडलं होतं म्हणे. सोमाजी दुसऱ्या कॅम्पवर होता. तिथंही हे पोचलं आणि ऐकून लोक हसले. या वेळी सोमाजी हसला नाही. आपल्यावरचा हशा त्यानं मांडवात सोसला होता. आपल्यामुळं दुसऱ्याच्या वाट्याला आलेला हशा सोसायची त्याला सवय नव्हती. लाजेनं त्याची भूक कमी झाली. पेट्या मात्र तो आता दोघांनी उचलू लागला होता, आणि नव्या माणसाला ती गोष्ट सांगायचं बंद केलं होतं.

कांडीचं काय झालं? ती घरी गेली. सुट्टीवर आला तेव्हा अंजनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पँट धुवायला काढली तर खिशातून हा गुळगुळीत, गोल, हातात नीट मावणारा दगड निघाला. तिला असंच काहीतरी हवं होतं. तिचा बत्ता फुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजीला स्वयंपाकघरातून ठक ठक ऐकू आलं. जाऊन बघतो तर अंजनाबाई त्या कांडीनं लसूण-मिरची कुटत होती.

तो ओरडणार होता. पण काय सांगणार? त्यानं तिच्या हातातून कांडी घेतली, उलटी करून झिजक्या टोकाचं तोंड खाली केलं आणि म्हणाला, "ह्या बाजूनं कूट. वरची बाजू लागू देऊ नको."

"काऊन?"

"मी म्हनतो म्हनून."

अंजनाबाईनं त्याच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि त्या बाजूनं कुटू लागली. दोन वर्षं कुटत होती. तो घरी असला की रोज सकाळी तो आवाज, आणि ताटात तीच चटणी. मधूनमधून तो कांडी उचलून खरबरीत टोकावरून बोट फिरवायचा, झिजलं नाही ना, म्हणून. झिजलं असतं तर कदाचित त्याला बरं वाटलं असतं. पण तो ते झिजू देत नव्हता. माणसाचं मन काय चीज आहे बघा: सांगायचं धाडस नव्हतं, आणि सांगायचा पुरावा मात्र जिवापाड जपत होता.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तो खोकून ती ओळ गाळायचा. शेजारच्याला खराच खोकला वाटायचा.

साठी झाली. निरोपाचा समारंभ चंद्रपूरला ठेवला, शहराबाहेरच्या गोदामात, जिथं सगळ्या कॅम्पच्या कोरच्या पेट्या थप्प्या लावून ठेवतात. तो सन्मानच होता. कुणा मजुराला कंपनीनं असं बोलावलं नव्हतं. निघायच्या सकाळी अंजनाबाई नवं लुगडं नेसून तयार झाली. सोमाजी स्वयंपाकघरात जाऊन कांडी घेऊन आला, ती धुतली आणि पिशवीत ठेवली.

"अता तो गोटा कशाले नेता? उद्या चटणी काहानं कुटू मी?"

मग त्यानं तिला सांगितलं. दारात उभं राहून, वहाणा घालता घालता, सगळं. झाल्यावर अंजनाबाई खाटेवर बसली आणि म्हणाली, "म्हंजे दोन वर्सं मी तुमचं पाप कुटून राह्यली होती? अन् तुमी ते खाऊन राह्यले होते?" मग म्हणाली, "त्या पोरीचं नाव काय म्हनलं?" त्यानं सांगितलं. "मी नाई येत. मले तिच्यासमोर उभं राहनं होनार नाई. तुमी जा." तो एकटाच एसटीत बसला.

समारंभात मोठे साहेब नव्हते, त्यांची बदली झाली होती. नवे साहेब दोन शब्द बोलले आणि म्हणाले, जास्त ओळखणाऱ्यांनी बोलावं. हर्षा मॅडम उठली. दोन वर्षांत तिला चष्मा लागला होता. ती म्हणाली, "मी कॉलेजात जे शिकले ते दगडाबद्दल. विश्वास कशाला म्हणतात ते भाऊंच्या पेटीपाशी शिकले. माझं म्हणणं एकदा खोटं ठरलं, सगळ्यांना माहीत आहे. वाईट वाटलं. पण भाऊंची पेटी खरी, म्हणून मी ते मान्य करू शकले." टाळ्या पडल्या. तिनंच पुढं होऊन सोमाजीच्या खांद्यावर शाल घातली. त्याला वाटलं, जमीन फाटावी. जमीन अशी सवडीनं फाटत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

जेवणं सुरू झाली तशी तो तिच्यापाशी गेला. "मॅडम, एक पेटी पाहाची होती. कुरखेड्याची, पाचवी बोअर. अठ्ठावीस अन् एकोणतीस."

ती हसली. "आजही पेट्या, भाऊ? चला."

गोदामाच्या मागच्या रांगेत त्या पेट्या होत्या. दोघं आत गेली. तिनं धूळ झटकून अठ्ठावीस उघडली. सोमाजीनं पिशवीतून कांडी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती नाकाशी नेली, तिची सवयच तशी. "लसणाचा वास येऊन राह्यला, भाऊ."

"बायको चटणी कुटत होती त्यानं," सोमाजी म्हणाला. "एकोणतीस माह्या हातून पडली होती, मॅडम. मी कोनाले सांगितलं नाई. मनानं मांडली. हे उरली होती. लावून पाहा."

तिनं लावली. टक्.

ती पांढऱ्या धाग्यावरून बोट फिरवत राहिली, अठ्ठाविसाव्या पेटीतून या कांडीत, आणि पुन्हा मागं. मग तिनं एकोणतीस उघडली. वरचा पिवळा बघितला, त्यानं काढलेले बाण बघितले. तिला सांगावं लागलं नाही, तिची ती समजत गेली. ओठ हलत होते: गुलाबी, पांढरा, पिवळा.

"तुमाले कवापासून माहीत होतं?"

"साहेब आले त्या दिवशी. पहाटेपासून."

म्हणजे साहेबांनी विचारलं तेव्हा. म्हणजे मान हलवली तेव्हा. हे तिनं मोठ्यानं म्हटलं नाही, पण तिनं चष्मा काढला आणि बराच वेळ परत घातला नाही. सोमाजी वाट बघत होता की ती ओरडेल. शाल त्याला टोचत होती. ती काढून ठेवावी तर कुठं ठेवावी, हेही सुचत नव्हतं. बाहेरून जेवणाऱ्यांचे आवाज येत होते, कुणीतरी त्याच्याच नावानं हाक मारत होतं.

तिनं चष्मा परत घातला. आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, बाकीच्या पेट्या?"

त्यानं कल्पनेत तिच्याकडून सगळं ऐकून ठेवलं होतं: शिव्या, रडणं, अगदी माफीही. हे ऐकलं नव्हतं. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या हातच्या पेट्या होत्या, तेहतीस वर्षांच्या, हजारोंनी. "बाकी साऱ्या बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की या वाक्याला आता काही किंमत उरलेली नाही. अगदी खरं होतं, आणि तरी नव्हती. तिलाही ते कळलं होतं. तिनं नुसती मान हलवली, होकारार्थी, दोनदा, आणि बॅगेतून वही काढली. तारीख टाकली. 'पेटी २९ पडली होती, क्रम चुकीचा' असं लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली.

मग ती पहिल्या बोअरीच्या थप्पीपाशी गेली. एक नंबरच्या पेटीवर हात ठेवला.

सोमाजी सवयीनं पुढं झाला, वाकला आणि दोन्ही हातांनी पेटी पोटाशी ओढू लागला.

"एकट्यानं नाई," हर्षा म्हणाली. "तिकून धरा."

त्यानं शाल काढून जमिनीवर ठेवली आणि तिकडून धरलं.